माशीच्या दोन्ही बाजूंचा उजेड

मागच्या खाचेत पुढची माशी नीट बसली, की तिच्या डावी-उजवीकडे उजेडाच्या दोन बारीक रेघा उरतात. दोन्ही सारख्या. एक जरा जाड आणि दुसरी जरा बारीक झाली, की समजावं नळी वळली. आबाजी म्हणायचे, "जनावराकडे मंग पाह्यजो, आधी ह्या दोन रेघा पाह्य." आणि मी पाहत बसायचो. विहिरीच्या ओट्यावर घडी करून ठेवलेलं ज्वारीचं रिकामं पोतं, पोत्यावर ती लांब, जड, रिकामी बंदूक, ओट्याखाली मी उकिडवा बसलेलो, गाल दस्त्याला टेकलेला. दस्त्याला जवसाच्या तेलाचा वास आणि समोर तुरीच्या शेंड्यांवर उतरलेलं मावळतीचं ऊन. निशाण म्हणून कुंपणाच्या खांबावर पालथं घातलेलं एक फुटकं मडकं असायचं. मडकं तेवढं आठवत नाही. आठवतो तो उजेड, काळ्या लोखंडाच्या दोन कडांमध्ये अडकलेला, केसाएवढा, जरासा थरथरणारा. श्वास घेतला की तो हलायचा, सोडला की पुन्हा जागेवर यायचा. आपली छाती सारखी वरखाली होत असते, हे मला पहिल्यांदा त्या रेघांनी सांगितलं.

एवढ्याशा फटीत एवढी मोठी संध्याकाळ कशी मावत होती, कोण जाणे.

उमरेडच्या पलीकडे, जिथे वावरं संपता संपता साग आणि मोह सुरू होतात, तिथलं आमचं गाव. बंदूक मूळची तिथल्या मालगुजाराची. १९५१ साली मालगुजारी गेली, वाड्यातली माणसं पांगली, घोडी विकली गेली, झुंबरं नागपूरच्या बाजारात आली, आणि जिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही अशी ही ठासणीची बंदूक रीतसर परवान्यावर आमच्या घरी आली. तोंडातून दारू ओतायची, तेलात भिजवलेल्या चिंधीत गोळी धरायची, ती गजाने ठासत ठासत तळाशी न्यायची, मग घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची, तेव्हा कुठे एक बार. तेवढ्या वेळात डुकरं अर्धं वावर उकरून, पाणी पिऊन, परत जंगलात जाऊन झोपतात, असं आजी म्हणायची. तिचा बंदुकीवर राग होता असं नाही. तिच्यासाठी घरातली कोनाड्यातली जागा अडली होती, एवढंच.

गावाकडच्या ठासणीच्या बंदुकांची नळी आतून बहुधा गुळगुळीत असते. हिच्या आत आटे होते. नळीच्या तोंडात करंगळी घातली की ते बोटाला लागायचे. उथळ, आणि इतके सावकाश वळणारे, की वळतात की नाही याचीच शंका यावी. पुढे बऱ्याच वर्षांनी जेम्स फोर्सिथविषयी वाचताना माझ्या करंगळीला ते आटे पुन्हा लागले. १८६१ साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. त्या प्रांताच्या जंगलांत हिंडलेला हा लष्करातला तरुण अधिकारी. सातपुड्याच्या रानांवरचं त्याचं पुस्तक १८७१ साली आलं आणि त्याच वर्षी तो गेला, पस्तिशीही न गाठता. ते पुस्तक पुष्कळांना माहीत असतं. त्याआधीचं, १८६३ सालचं, शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्यांवरचं पुस्तक फारसं कोणी उघडत नाही. त्यात त्याचा आग्रह असा, की रानात हवी वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि १०४ इंचांत एकच फेरा घेणारे आटे. म्हणजे अडीच फुटांच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी पाव फेऱ्याहून जरासंच जास्त वळणार. आटे घट्ट असतील आणि दारू जास्त पडली, तर गोळी आटे सोडून सरळ घसरत निघते. सैल आट्यांत ती धरून राहते, जोरात जाते, आणि जोरात गेल्यामुळे तिची वाट सपाट राहते. वाट सपाट, म्हणजे सांबर पन्नास पावलांवर उभं आहे की शंभर, याचा हिशेब करत बसायला नको, मागची पट्टी वरखाली करायला नको. माशी खाचेत बसवायची आणि चाप ओढायचा. जनावर तेवढाच वेळ देतं. आमची बंदूक त्याच घराण्यातली होती असा माझा दावा नाही. पण तिचे आटे पाडणाऱ्याला रानातली घाई ठाऊक असावी.

मी ओट्याखाली बसायला लागलो तोवर शिकार संपून गेली होती. वाघाची १९७० साली बंद झाली, आणि १९७२ साली कायदाच आला. नागपुरातून चालणाऱ्या ॲल्विन कूपरसारख्या शिकार कंपन्यांच्या जीपगाड्या, त्यांतले लालबुंद गोरे पाहुणे, त्यांच्या रायफलींवरच्या दुर्बिणी, हे सगळं आबाजींच्या बोलण्यातून माझ्यापर्यंत आलं, आणि तेही एखाद्या गेलेल्या जत्रेची आठवण सांगावी तसं. आता बंदूक होती ती पीकरक्षणाची. कापणीच्या दिवसांत जागलीला जायचं, वावरातल्या मचाणावर पाय सोडून बसायचं, रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला किंवा डुकरांची घुरघुर ऐकू आली, की आभाळाकडे नळी करून एक बार काढायचा. धूर, गंधकाचा वास, लांबवर पळणारे खूर, आणि मग पुन्हा रातकिडे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, आणि निकाल लागेपर्यंत डुकरांचं राज्य.

शिकार गेल्याची हळहळ मला आबाजींच्या तोंडून कधी ऐकू आली नाही. दुःख वेगळंच होतं. एका संध्याकाळी त्यांनी बंदूक पोत्यावर ठेवली, गाल लावला, डोळा मिटला, उघडला, चष्मा काढला, परत लावला, आणि बराच वेळ काही न बोलता तसेच राहिले. मग म्हणाले, "माह्या डोयाले आता ते खाचच दिसत नाई. लोखंडाले जशी लव आली."

डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट बसतं. खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्याही पुढे, मडकं पार कुंपणाजवळ. तरुण डोळा या तिघांत इतक्या झटकन ये-जा करतो, की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो, आणि तो भास आपल्याला जन्माचा हक्क वाटतो. चाळिशी-पन्नाशीत भिंग ताठर होत जातं. ये-जा मंदावते. पहिली पुसट होते ती डोळ्याजवळची खाच. तिच्या कडा फुगतात, सैलावतात, आणि त्या दोन रेघा लोखंडात विरून जातात. मला अजून दिसत होत्या. त्यांना दिसत नव्हत्या. एकाच बंदुकीला, एकाच उन्हात, ओट्याच्या एकाच बाजूने आम्ही आळीपाळीने गाल लावत होतो आणि दोन वेगळ्या संध्याकाळी पाहत होतो.

नागपूरला जायचं ठरलं. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक, कोटाच्या आतल्या खिशात परवाना, आणि एसटीत कंडक्टरला परवाना दाखवताना आबाजींच्या चेहऱ्यावर येणारा तो किंचित ताठा. महालातल्या एका बोळात परवाना असलेलं जुनं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला खिडकीशी बसणारे एक मिस्त्री. खिडकी उत्तरेची. उत्तरेचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही, म्हणून कानशीचं काम तिथेच. मिस्त्रींनी बंदूक उचलली, नळीवरून अंगठा फिरवला, खाचेतून पाहिलं, आणि रोगी तपासून झाल्यावर डॉक्टर बोलतात त्या आवाजात विचारलं, "पाटील, उमर किती झाली?"

"बंदुकीची?"

"तुमची."

एक उपाय सोपा होता. खाच चार बोटं पुढे सरकवायची. डोळ्यापासून लांब गेली की कडा पुन्हा साफ दिसतात. पण खाच आणि माशी यांच्यातलं अंतर जेवढं कमी, तेवढी हाताची बारीकशी चूकही निशाणावर मोठी होऊन पोहोचते. मिस्त्रींना तो उपाय आवडला नाही. ते म्हणाले, खाच काढूनच टाकू, आणि तिच्याऐवजी अगदी मागे, डोळ्याजवळ, भोकाचं कडं लावू.

"जे दिसत नाई, ते आणखी जोळ आणता?" आबाजी म्हणाले.

"भोक पाहायचं नसतं, पाटील. त्यातून पाहायचं असतं."

मग त्यांनी जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. सिगारेटचं रिकामं पाकीट फाडून त्याचा चौकोन केला, आरीच्या टोकाने मधोमध भोक पाडलं, टोक फिरवून भोकाची खरबरीत कड गुळगुळीत केली, फुंकर मारली, आबाजींचा चष्मा स्वतःच्या हाताने काढून बाकावर ठेवला आणि तो चौकोन त्यांच्या डोळ्याशी धरून समोर तरुण भारतचा अंक उघडला. आबाजी आधी गप्प. मग हळूहळू, अक्षर अक्षर जुळवत, सोन्याचांदीचे भाव वाचायला लागले. बिनचष्म्याने! वाचता वाचता ते थांबले, चौकोन बाजूला केला, पुन्हा लावला, आणि लहान मुलासारखे मिस्त्रींकडे पाहून हसले. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

यात जादू काही नाही. भोक लहान असलं की इकडून तिकडून येणारे भरकटलेले किरण बाहेरच अडतात, आणि जे थोडे आत येतात ते डोळ्याच्या भिंगाकडून फारशी मेहनत मागत नाहीत. म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी ठसठशीत दिसतं. शिवाय डोळा भोकाच्या मध्यावर आपोआप जाऊन बसतो. त्याला सांगावं लागत नाही. उजेड जिथे जास्त, तिथे तो आपसूक ओढला जातो. मग माणसाला काम उरतं ते एकच, माशी निशाणावर ठेवायचं. तीन वस्तू सांभाळत होतास, आता दोनच सांभाळ. म्हातारपणाला एवढी सूट पुरे.

दस्त्याच्या मानेपाशी, नळीच्या शेपटावर दोन स्क्रू घेऊन पितळेचा छोटा खांब उभा राहिला आणि त्यावर कडं. भोक आधी दोन मिलिमीटरचं पाडलं होतं. दुपारी ठीक होतं, पण जागलीची वेळ दुपारची नसते. संधिप्रकाशात त्यातून अंधारच दिसायचा. मग ते तीनपर्यंत वाढवलं. कडं खाचेपेक्षा उंच, म्हणून जुनी बुटकी माशी निरुपयोगी झाली. तिच्या जागी पितळेची नवी, मुद्दाम उंच ठेवलेली पट्टी. मागचं कडं ज्या बाजूला सरकवावं त्याच बाजूला गोळी जाते, आणि पुढची माशी याच्या बरोबर उलट वागते. ती घासून बुटकी केली की गोळी वर चढते. म्हणून माशी नेहमी गरजेपेक्षा उंच घ्यायची आणि बार काढून पाहत पाहत उतरवायची. कडं आणि माशी यांत ऐंशी सेंटीमीटर अंतर असेल, तर माशीचा एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटरवर सव्वासहा सेंटीमीटर. कानशीच्या चार हातांत तेवढं निघून जातं, आणि निघालेलं परत लावता येत नाही. मिस्त्री आबाजींना बजावत होते, "एक हात मारा, एक बार काढा. घाई करू नका."

आणि जाता जाता त्यांनी उन्हाबद्दल सांगितलं, जे मी तेव्हापासून विसरलेलो नाही. जुनी माशी वाटोळी होती. वाटोळ्या धातूवर डावीकडून ऊन पडलं की तिची डावी बाजू चमकते, उजवी काळोखात जाते. डोळा भोळा, तो चमकणाऱ्या भागालाच माशी समजून तोच निशाणावर धरतो, आणि गोळी उजवीकडे जाते. उजेडापासून दूर. संध्याकाळी आबाजींचे जे बार मडक्याच्या बाजूने जायचे, त्यांचा हिशेब त्या खिडकीशी असा लागला. नवी पट्टी म्हणून सपाट होती, डोळ्याकडचं तोंड चपटं, कडा सरळ; आणि तिला चमकू द्यायचं नसेल तर कापराची काजळी धरायची.

आजीच्या देवघरातला कापूर त्या हिवाळ्यात लवकर संपला. ती पुटपुटायची, देवापेक्षा बंदुकीची आरती जास्त होते या घरात. वडीचा तुकडा पेटवला की पिवळ्या ज्योतीच्या टोकाला काळा धागा उठायचा, आबाजी नळी तिरपी करून माशी त्या धाग्यात धरायचे, आणि पितळ बघता बघता मखमली काळं व्हायचं. बोट लागलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

बांधाच्या उतारावर वर्तमानपत्राचं पान, त्यावर कोळशाने काढलेलं वर्तुळ. बार उडाला की आधी घोड्याची टकटक, मग तो जाड, सावकाश आवाज, मग पांढरा धूर, आणि धुरापलीकडे काय झालं हे तो विरेपर्यंत कोणालाच कळायचं नाही. मला ती मधली वेळ आवडायची. शोरा, गंधक, कोळसा यांचा ओला, कुजकट वास, कानात वाजणारी शांतता, आणि आबाजी बंदूक खाली न घेता तसेच उभे. मी पळत जाऊन भोकांत बोट घालून ओरडायचो, "खाली!" मग कानशीचा एक हात. पुन्हा बार. "अजून खाली!" पुन्हा एक हात. असं करता करता भोकं वर चढत वर्तुळात शिरली, आणि एके दिवशी ओरडायचं काही उरलंच नाही.

त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि बंदूक पुन्हा पोत्यावर ठेवली. मी गाल लावला. कड्यातून पाहिलं.

रेघा नव्हत्या.

गोल उजेड होता, मोठा, मऊ. त्यात कुंपण, तूर, मोहाचं झाड, त्यावरचं आभाळ, सगळं मोकळं, आणि मधोमध काळी सरळ माशी. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसत होतं. सुधारणाच होती ती, खरोखरची. आणि तरी माझ्या घशाशी काहीतरी आलं. ज्या दोन रेघांसाठी मी पोत्याशी बसायचो, त्या कुठेच नव्हत्या, आणि हे कोणाला सांगावं तर सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं. शेजारी आबाजी विचारत होते, "दिसते नं साफ?" मी म्हटलं, "हाव."

हं. ज्याला हवं होतं त्याला दिसलं. ज्याला दिसत होतं त्याचं गेलं.

जुन्या वस्तूंना हात लावू नये असं मानणारी माणसं मला नागपुरात पुष्कळ भेटतात. अजब बंगल्यात शस्त्रांच्या दालनात काचेपलीकडच्या बंदुका पाहताना असाच एक गृहस्थ माझ्याजवळ हळहळला होता, की खेड्यापाड्यांतल्या लोकांनी चांगल्या चांगल्या बंदुकांची तोडमोड करून वाट लावली. (हे संग्रहालयही १८६३ सालचं, फोर्सिथच्या त्या पुस्तकाच्या वयाचं.) मला ते पटत नाही. काचेमागे ठेवलेल्या बंदुकीच्या खाचेतून कोणी पाहत नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहते. जी वापरात असते ती धन्याच्या डोळ्यांबरोबर, खांद्याबरोबर, हाताच्या कापऱ्याबरोबर बदलत जाणारच. पोरवयातल्या जिम कॉर्बेटच्या हातात आलेली पहिली बंदूक ठासणीची, दुनळी. एक नळी फाटलेली, दस्ता पितळी तारेने आवळलेला. ती तार कोणी सोडवून बंदूक 'मूळ रूपात' आणली असती, तर त्या पोराचं काय झालं असतं?

आबाजींनी त्या कड्यातून कुठल्या जनावरावर बार काढल्याचं मला आठवत नाही. आभाळात काढायला निशाण लागत नाही, आणि कायदा ते पाळायचे. मग एवढा खटाटोप कशासाठी, असं माझ्या वडिलांनी एकदा विचारलंही. आबाजींनी उत्तर दिलं नाही. मचाणावर त्यांच्या शेजारी बसून मला जे दिसलं ते एवढंच, की रोही वावराच्या कडेला येऊन उभा राहिला, कान हलवू लागला, की ते बंदूक खांद्याला लावायचे, टोपी न चढवता, आणि कड्यातून त्याच्याकडे पाहत राहायचे. पुष्कळ वेळ. त्याच्या गळ्याखालचा केसांचा झुबका, मानेवरची आयाळ, तोंडातून खाली पडणारा हरभऱ्याचा पाला. चष्म्यातून त्यांना ते इतकं साफ दिसत नसे. मग बंदूक खाली ठेवून ते टाळ्या वाजवायचे, आणि रोही जायचा.

आबाजी गेले त्यानंतर परवाना पुढे कोणी आपल्या नावावर करून घेतला नाही. बंदूक रीतसर जमा झाली. मिस्त्रींनी काढलेली जुनी खाच तेवढी कागदाच्या पुडीत माझ्याकडे आली. बोटाच्या पेराएवढं लोखंड. कधीतरी खिडकीशी धरून पाहतो. तिच्यातून नुसतं आभाळ दिसतं. रेघा पडायला समोर माशी लागते.

आणि आता माझंही भिंग ताठर झालंय. सीताबर्डीच्या चष्मेवाल्याने दिलेला चष्मा मी घरीच विसरतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. परवा औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं काही केल्या लागेनात. मग मी मूठ वळली, अंगठ्याजवळ बारीकसं भोक ठेवलं, एक डोळा मिटला आणि मुठीतून पाहिलं. अक्षरं लगेच उभी राहिली, काळी, स्वच्छ. काउंटरमागचा पोरगा माझ्याकडे पाहत होता.

"काका, काय पाहून राह्यले?"

"एक्स्पायरी," मी म्हटलं, आणि मूठ थोडी सैल करून भोक तीन मिलिमीटरचं केलं, कारण दुकानात उजेड जरा कमीच होता.